विंडोज ११ घेतलं आणि डिस्क रुसली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच्या आगेमागे सोसायट्यांची ऑफिसं, सीएंच्या केबिनी, क्लासेस, डीटीपीवाले, सगळ्यांनी एकदमच विंडोज ११ वर उड्या मारल्या आणि आमच्या दादरच्या छोट्या दुकानातला फोन तापायला लागला. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. एक विनंती: मशीनचा फोटो पाठवताना स्क्रीनवरची अक्षरं दिसू द्या, बहुतेक फोटोंत आम्हाला फक्त ट्यूबलाइट दिसते.

१. अपग्रेड झालं, पण डी ड्राइव्ह दिसत नाही. डेटा गेला का?

बहुधा नाही. अपग्रेड सी ड्राइव्हवर चालतं, डी ला ते हात लावत नाही. स्टार्टवर राइट क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. भाग दिसतोय पण त्याला अक्षर नाही, तर राइट क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. डिस्कपुढे 'ऑफलाइन' लिहिलंय, तर ती ऑनलाइन करा. डिस्कचं नावच यादीत नसेल तर मामला ड्रायव्हरचा, बायॉसचा (विंडोजच्या आधी जागं होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) किंवा वायरचा आहे, म्हणजे प्रश्न ६ आणि १३.

आणि हे नीट वाचा. 'रॉ' किंवा 'नॉट इनिशिअलाइज्ड' असं दिसलं, किंवा 'वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल' अशी खिडकी उघडली, तर 'कॅन्सल' दाबा. ड्रायव्हर चुकीचा असला की चांगली डिस्कसुद्धा विंडोजला कोरी वाटू शकते. आमच्याकडे खरोखर डेटा घालवून आलेली माणसं बहुतेक याच खिडकीत 'ओके' दाबून आलेली असतात.

२. डिस्कला ड्रायव्हर कशाला लागतो? आम्ही तर कधी टाकला नव्हता.

टाकला होता, तुमच्या नकळत. डिस्क थेट विंडोजशी बोलत नाही, मध्ये कंट्रोलर असतो आणि त्याच्याशी बोलायला ड्रायव्हर लागतो. विंडोजजवळ स्वतःचे दोन असतात: साटा, म्हणजे बहुधा वायरने जोडलेल्या, डिस्कसाठी 'स्टोअरएएचसीआय' आणि एनव्हीएमई, म्हणजे थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या वेगवान, एसएसडीसाठी 'स्टोअरएनव्हीएमई'. पण इंटेलच्या अनेक मशीनवर कंपनीने आधीच 'रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी', म्हणजे आरएसटी, बसवून दिलेलं असतं.

भांडण इथेच लागतं. सोसायटीत नवी कमिटी निवडून आली, पण पाण्याच्या टाकीची चावी जुन्या सेक्रेटरीच्याच खिशात, तसं. नवं विंडोज आलं, जुना आरएसटी ड्रायव्हर कंट्रोलरवर ठाण मांडून आहे, आणि दोघांचं पटत नाही. डिस्क बिचारी ठणठणीत असते.

३. दुरुस्तीला हात लावण्याआधी काय जपून ठेवायचं?

बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. ४८ आकडी असते. 'आम्ही बिटलॉकर लावलंच नाही' असं सगळेच म्हणतात. पण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, तर पात्र मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. मग बायॉसमध्ये एखादी सेटिंग बदलली की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर की मागतात. ती नसेल तर तुमच्याच फाइली तुम्हाला परक्या. की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, डिव्हाइसच्या नावाखाली, सापडते. खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने उघडलं असेल तर आजच त्याला गाठा.

की कागदावर उतरवून घ्या. मशीन चालू असेल तर सेटिंग्जमधून एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित करा. होम आवृत्तीत स्थगितीचं बटण नसतं, तिथे ते पूर्ण बंद करा आणि उलगडा संपेपर्यंत थांबा. दुसरं, महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर घेतलेली प्रत म्हणजे बॅकअप नव्हे, हे आम्ही दिवसातून एकदा तरी सांगतो.

४. अपग्रेडच पुढे सरकत नाही. सेटअप 'इंटेल रॅपिड स्टोरेज'बद्दल काहीतरी म्हणतंय.

ही अडवणूक तुमच्या भल्यासाठी आहे. काही जुने आरएसटी ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये अस्थिर होतात हे मायक्रोसॉफ्टला ठाऊक असतं, म्हणून सेटअप दारातच थांबवतो. हे २०१९ मध्येही झालं होतं: विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीच्या वेळी १५.१.०.१००२ ते १५.५.२.१०५३ या आरएसटी आवृत्त्या असलेल्या मशीनवर अपग्रेड रोखून धरलं होतं आणि त्यापुढचा ड्रायव्हर टाकल्यावर वाट मोकळी झाली.

लॅपटॉप कंपनीच्या साइटवर जा, मॉडेल क्रमांक घाला, नवा स्टोरेज ड्रायव्हर घ्या, रीस्टार्ट करा, मग सेटअप पुन्हा चालवा. इंटेलच्या साइटवरून सगळ्यात नवा आकडा उचलू नका. आरएसटीच्या आवृत्त्या प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे वेगळ्या असतात, मोठा आकडा तुमच्या मशीनला लागूच होत नसेल. अडवणूक टाळून पुढे ढकलायच्या युक्त्या इंटरनेटवर आहेत. त्या वापरणारे पुढे प्रश्न ५ मध्ये भेटतात.

५. मशीन सुरूच होत नाही. निळ्या स्क्रीनवर 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

अर्थ सरळ आहे: विंडोज जागं झालं, पण ज्या डिस्कवर ते स्वतः राहतं तिचं दार त्याला उघडता आलं नाही. चुकीचा स्टोरेज ड्रायव्हर किंवा बदललेला मोड, ही नेहमीची कारणं.

आधी बायॉसमध्ये जा. मशीनप्रमाणे एफ२, एफ१० किंवा डिलीट. कुणी साटा किंवा व्हीएमडीची (प्रश्न ६ आणि ८) सेटिंग बदलली का पाहा. घरातल्या कॉलेजकुमारालाही विचारा. बदलली असेल तर पूर्वीसारखी करा. बहुतेक वेळा मशीन निमूट सुरू होतं. बायॉस रीसेट झालं असेल किंवा मदरबोर्डवरचा सेल संपला असेल, तरी मोड मूळ पदावर जातो आणि हाच पडदा दिसतो. चार-पाच वर्षं जुन्या डेस्कटॉपवर हा सेल आम्ही आधी बदलतो, स्वस्तात सुटतं.

तिथे काही बदललं नसेल तर मशीन दोन-तीनदा अर्ध्यात बंद पडलं की दुरुस्तीचा निळा मेन्यू आपोआप उघडतो. 'ट्रबलशूट', मग 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'. तिथे या क्रमाने जा: 'स्टार्टअप सेटिंग्ज' मधून सेफ मोड, कारण सेफ मोडमध्ये एकदा सुरू झालं तर विंडोज कित्येकदा स्वतःचा ड्रायव्हर जोडून घेतं. ते जमलं नाही तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मग सिस्टम रिस्टोअर. 'रीसेट धिस पीसी' सगळ्यात शेवटी, आणि 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी सॉफ्टवेअर सगळी उडतात हे धरून चला.

पडदा काळा असेल आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' लिहिलं असेल, तर हे प्रकरण वेगळं आहे. विंडोज ११ ला यूईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) हवं म्हणून कुणीतरी बायॉस लेगसीवरून (जुनी पद्धत) यूईएफआयवर फिरवलं, पण डिस्क एमबीआरचीच, म्हणजे जुन्या मांडणीचीच, राहिली. तूर्त लेगसीवर परत या. नंतर मायक्रोसॉफ्टच्या 'एमबीआरटूजीपीटी'ने डिस्क बदलून घ्या, बॅकअपनंतर.

६. एएचसीआय, रेड, व्हीएमडी. आमच्या मशीनला कोणता मोड बरोबर?

आज चालू आहे तो. कंट्रोलरने डिस्कशी कसं बोलायचं याच्या या तऱ्हा: एएचसीआय साधी, रेड आणि व्हीएमडी इंटेलच्या आरएसटीवर चालणाऱ्या. हे उत्तर लोकांना आवडत नाही, पण चालत्या मशीनचा मोड बदलायचं कारण फक्त एकच: आरएसटीचा चालणारा ड्रायव्हरच मिळत नाही. एकच डिस्क असलेल्या घरगुती मशीनला एएचसीआय पुरतं. एएचसीआय केल्याने मशीन पळायला लागतं ही ऐकीव गोष्ट.

बदलायचंच असेल तर थेट बायॉसमध्ये जाऊन बदलू नका, प्रश्न ५ चा पडदा ठरलेला. आधी प्रश्न ३ आणि ७ वाचा. मग विंडोजमध्ये 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट' मध्ये 'सेफ बूट'वर टिक करा. रीस्टार्ट करताना बायॉसमध्ये शिरून मोड बदला. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि आपला ड्रायव्हर जोडून घेईल. टिक काढा, पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा पासवर्ड पाठ हवा. तो आठवत नाही म्हणून सेफ मोडच्या दारात अडकलेले गिऱ्हाईक आम्ही पाहिलेत, आणि टिक काढायला आत जाता येत नाही म्हणून बाहेरही पडता येत नाही.

७. हार्डडिस्कसोबत 'ऑप्टेन' लिहिलेलं काहीतरी आहे. त्याने काही फरक पडतो?

खूप. काही मशीनमध्ये मोठ्या हार्डडिस्कपुढे १६ किंवा ३२ जीबीची ऑप्टेन मेमरी कॅश म्हणून लावलेली असते आणि ती जोडी आरएसटीच बांधून ठेवतं. ऑप्टेन बंद न करता मोड बदलला किंवा ती पट्टी उपसली, तर हार्डडिस्कवर अर्धवट माहिती उरते. आधी आरएसटीच्या अॅपमध्ये ऑप्टेन 'डिसेबल' करा, ते पूर्ण होऊ द्या, मगच पुढचं. जुन्या एका लग्नपत्रिकावाल्याच्या मशीनवर हे विसरून मी मोड फिरवला होता. हंगाम होता, त्याच्या फाइली परत मिळवायला तीन रात्री गेल्या आणि पैसे अर्थातच मागितले नाहीत. ऑप्टेनचा धंदा इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळायला घेतला, पण मशीन अजून वापरात आहेत.

दोन डिस्कचं खरंखुरं रेड (दोन डिस्क एकत्र बांधलेल्या) असेल तर तोच नियम: मोडला हात नाही.

८. नव्या लॅपटॉपवर पेनड्राइव्हने विंडोज टाकतोय, पण एकही डिस्क दिसत नाही.

इंटेलची अकरावी पिढी किंवा पुढची असेल तर व्हीएमडी चालू असणार. एसएसडी त्याच्या आड बसते आणि सेटअपजवळ तिचा ड्रायव्हर नसतो. कंपनीच्या साइटवरून आरएसटीचा ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर टाका आणि त्याच पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबा.

लोक इथे फसतात: उतरवलेली सेटअप फाइल तशीच टाकली तर सेटअपला ती दिसत नाही. दुसऱ्या मशीनवर ती उलगडून आतलं 'आयएनएफ' फाइल असलेलं फोल्डर घ्यावं लागतं. काही बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करता येतं, तोही मार्ग आहे, पण फक्त कोऱ्या इन्स्टॉलसाठी. आत चालतं विंडोज असेल तर प्रश्न ६. दुरुस्तीच्या निळ्या मेन्यूतही याच कारणाने डिस्क दिसेनाशी होते, तेव्हा तो पेनड्राइव्ह फेकू नका.

९. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड आहे. अर्थ काय?

त्यावर डबल क्लिक करून आकडा बघा. २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. १० म्हणजे आहे, पण उपकरण सुरू होत नाही. ३९ म्हणजे फाइल खराब किंवा गायब. ४८ म्हणजे हा ड्रायव्हर त्रासदायक म्हणून विंडोजने मुद्दाम रोखलाय, नवा शोधा. ५२ म्हणजे सही पटत नाही. सहीची तपासणी बंद करायचे व्हिडिओ पाहून तेच करत बसू नका, सही केलेला ड्रायव्हर मिळवा. १९ साठी पुढचा प्रश्न.

अपग्रेडनंतर लगेच बिघडलं असेल तर 'प्रॉपर्टीज' मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी करून बघा. बटण धूसर असेल तर जुना ड्रायव्हर उरलेला नाही.

१०. डीव्हीडी ड्राइव्ह गायब. व्हिडिओत 'अप्पर फिल्टर्स' आणि 'लोअर फिल्टर्स' काढायला सांगतात. काढू का?

डीव्हीडीच्या घरातून काढा, डिस्कच्या घरातून नाही. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जची वही) दोघांच्या लांबलचक क्रमांकांची सुरुवात जवळपास सारखी आहे: डीव्हीडीच्या पहिल्या भागाचा शेवट ६५ ने, डिस्कचा ६७ ने. जुन्या सीडी बर्निंग सॉफ्टवेअरने ६५ मध्ये आपले फिल्टर (मध्येच बसणारे जादा ड्रायव्हर) सोडलेले असतात, ते काढले की ड्राइव्ह परत येतो. पण ६७ मधल्या अप्पर फिल्टर्समध्ये 'पार्टएमजीआर' असतो. तो विंडोजचा पार्टिशन सांभाळणारा माणूस. त्याला काढलंत तर पुढच्या वेळी प्रश्न ५ चा पडदा. काही करण्याआधी रजिस्ट्रीतलं ते घर (की) 'एक्सपोर्ट' करून ठेवा, आणि उजवीकडे वर्गाचं नाव वाचा.

११. 'मेमरी इंटिग्रिटी' चालू होत नाही, डब्ल्यूडीच्या ड्रायव्हरचं नाव दाखवते. डिस्क बदलावी लागेल?

अजिबात नाही. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या बाहेरच्या डिस्कसोबत येणारा 'डब्ल्यूडीसीसॅम' नावाचा छोटा ड्रायव्हर या सुरक्षेशी जुळत नाही. डिस्क त्याच्याशिवाय चालते. विंडोजच्या 'पीएनपीयूटिल' कमांडने तो ड्रायव्हर पॅकेज काढा, रीस्टार्ट करा, बटण चालू होईल. डीटीपीवाल्यांकडे फॉन्टच्या जुन्या डोंगलचे ड्रायव्हरही याच यादीत दिसतात. तो काढला तर मराठी टाइपसेटिंग बंद पडेल, म्हणून आधी डोंगल कंपनीकडून नवा घ्या.

१२. अपग्रेडपासून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के.

दोन दिवस थांबा, इंडेक्सिंग आणि अपडेट्स चालू असतात. मशीन रात्रभर चालू ठेवा. त्यानंतरही तसंच आणि मध्येच काही सेकंद सगळं गोठत असेल, तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ शोधा, प्रश्न १३ मध्ये तो आहे. मशीन जुनं आणि त्यात फिरती हार्डडिस्क असेल, तर खरं सांगायचं तर तिथे ड्रायव्हरचा दोष नाही. एसएसडी लावा.

१३. दोष ड्रायव्हरचा की डिस्कच गेली, हे कसं ओळखायचं?

सगळ्यात मोलाचा प्रश्न, आणि सगळ्यात उशिरा विचारला जाणारा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज', 'सिस्टम'. इव्हेंट ७ म्हणजे खराब ब्लॉक: डिस्क जातेय, ड्रायव्हरशी खेळणं थांबवा आणि डेटा काढा. १२९ म्हणजे कंट्रोलरने उत्तर दिलं नाही म्हणून त्याला रीसेट करावं लागलं, आणि १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. हे दोन ड्रायव्हरचे, फर्मवेअरचे (डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा वायरचे असू शकतात.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) चालवा. साटा डिस्कवर ०५ (बदललेले खराब सेक्टर) किंवा सी५ (संशयित सेक्टर) चा आकडा वाढतोय, तर डिस्क. सी७ (वायरीतून येताजाता झालेल्या चुका) वाढतोय आणि बाकी शून्य, तर साटाची वायर. वायर बदला आणि आठवड्याने परत बघा. सी७ कमी होत नाही, वाढायचा थांबतो. समुद्राजवळच्या घरांत पावसाळ्यानंतर आम्ही वायर आणि रॅमच्या कडा साफ करूनच निदानाला बसतो. अपग्रेड जूनमध्ये झालं आणि दोष त्याच्यावर आला, असं बऱ्याचदा होतं.

फर्मवेअरही विसरू नका. २०२४ मध्ये २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या काही २ टीबी एनव्हीएमई एसएसडींवर निळे पडदे येऊ लागले. विंडोज त्यांना पूर्वीपेक्षा जास्त रॅम देऊ लागलं होतं, आणि एसएसडीचं नवं फर्मवेअर टाकल्यावर ते थांबलं. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये एक अपडेट एसएसडी मारतंय असे मेसेज घरोघरी फिरले, मायक्रोसॉफ्टने तपासलं तेव्हा त्या अपडेटशी संबंध आढळला नाही.

१४. बाकी सगळं ठीक, पण बिलिंग सॉफ्टवेअरचं एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) सुरू होत नाही.

ही गुपचूप लागणारी मेख आहे. विंडोज ११ चा एनव्हीएमई ड्रायव्हर एसएसडीचा खरा सेक्टर आकार सांगतो. विंडोज १० तसं करत नव्हतं. काही एसएसडी ४ केबीपेक्षा मोठा आकार सांगतात आणि एसक्यूएल सर्व्हर ५१२ बाइट आणि ४ केबी एवढेच ओळखतो. विंडोजच्या 'एफएसयूटिल' कमांडने आकार बघा. मोठा असेल तर 'स्टोअरएनव्हीएमई'च्या रजिस्ट्रीत आकार ४ केबी धरायला लावणारी नोंद मायक्रोसॉफ्टनेच सांगितली आहे. ती टाका, रीस्टार्ट करा. डेटाबेस पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही होणार नाही.

१५. डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागत नाही. हाही डिस्क ड्रायव्हरच का?

अर्धा. काही टोकन लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हसारखे दिसतात आणि त्यातच त्यांचं सॉफ्टवेअर असतं. सीडी दिसत नसेल तर प्रश्न १०. दिसते पण सही होत नसेल तर टोकन कंपनीचं नवं सॉफ्टवेअर टाका. रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी अपग्रेड करू नका, बस.

१६. 'ड्रायव्हर अपडेटर' सॉफ्टवेअर घेऊ का?

नको.

१७. परत विंडोज १० वर जाता येईल?

अपग्रेडनंतर १० दिवसांत, हो. सेटिंग्ज, 'सिस्टम', 'रिकव्हरी', 'गो बॅक'. मधल्या काळात डिस्क क्लीनअपमधून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन' उडवलं असेल तर वाट बंद. परत गेलात तर घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची नोंदणी करा, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत. तेवढ्या वेळात चांगला ड्रायव्हर येतो का ते पाहता येईल.

१८. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावाच लागेल. मारू देऊ का?

त्याला तीन गोष्टी विचारा: बायॉसमध्ये मोड कोणता आहे, सेफ मोडमध्ये सुरू करून पाहिलं का, आणि डिस्कची तब्येत तपासली का. तिन्हींची उत्तरं असतील आणि तरीही तो फॉरमॅट म्हणत असेल, तर त्याचं बरोबरही असेल. उत्तरं नसतील तर मशीन उचला. लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा कॉम्प्युटर बाजार) न्यायचं तर रविवार सोडून जा, आणि शक्य असेल तर डिस्क आधी बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावून डेटाची प्रत घ्या. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर तिथेही ती ४८ आकडी की लागेलच, कागद पाकिटात ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.